सासूबाईंची सोनोग्राफी

१९८७, एप्रिलचा दुसरा शनिवार. सुट्टी म्हणून आठवड्याचे कपडे भिजवले आणि ते तसेच बादलीत ठेवून सासूबाईंना सोनोग्राफीला नेलं. महिनाभर त्यांची डावी कूस दुखत होती. डॉक्टरांना किडनीची शंका होती. ह्यांना तळोज्याला पहिली पाळी, म्हणजे काम माझंच.

नेरूळहून बसने वाशीला गेलो. भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून यायला सांगितलं होतं. तिथे वीज गेली, नंबर लांबला. बसून बसून माझीच कंबर धरली.

आत डॉक्टरीणबाईंनी पोटावर ते गार जेल लावलं, यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "दोन्ही किडन्या सुजल्यात. अ‍ॅडमिटच करावं लागेल."

माझी रजा संपलेली होती. पहिला विचार तोच आला. मग सासूबाईंच्या पायांची आवळलेली बोटं दिसली.

"आई, लघवीला शेवटचं कधी गेला होतात?"

"काल तिन्हीसांजेला."

"आजी, सकाळीसुद्धा नाही?" डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

"धरायला तुमीच सांगितलंत, आता मलाच ओरडा!"

त्यांना धरायला सांगायची गरजच नव्हती. कोकणात त्या उजाडायच्या आत जायच्या, नाहीतर अंधार पडल्यावर. आमच्या फ्लॅटमध्ये संडासाचं दार हॉलमध्ये उघडायचं आणि समोरच ह्यांची खुर्ची. मुलाच्या देखत कसं जायचं? म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो.

मोकळ्या होऊन आल्यावर पुन्हा तपासलं. उजवीची सूज उतरली होती. ती भरलेल्या मूत्राशयामुळेच होती. डावीची तशीच. खाली नळीत खडा अडकला होता, तो काढावा लागणार होता, पण आजच अ‍ॅडमिट व्हायची गरज नव्हती.

"पाणी किती पिता, आजी?"

"चहा असतो की."

"असंच चाललं तर उजवीतही खडा होईल," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "एक तरी धड हाय ना गो? मग झालं तर."

वाद घालायचं त्राण नव्हतं. घरी येऊन आंबूस वास मारणारे कपडे धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली, पेपर तिथेच दिला आणि मधला पडदा ओढला. मग सासूबाईंपुढे भरलेला तांब्या ठेवला आणि तो रिकामा होईपर्यंत उभी राहिले.