सावलीचं माप

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही डोंगर पुरता चढला नव्हता, तरी गल्लीत त्यांची ख्याती डोंगर चढणारे म्हणूनच होती. हिवाळ्यात कोट शिवून घेणाऱ्यांची झुंबड, मान वर करायला फुरसत नसे. मोकळीक मिळे ती भर उन्हाळ्यात, शहाणी माणसं पंख्याखालून हलत नाहीत तेव्हा. मग उजाडायच्या आधीच मास्तर बायकोला आणि मुलीला घेऊन गावामागच्या डोंगराकडे निघत.

त्यांची तयारी म्हणजे एक प्रकरणच होतं. लांब बाह्यांचे ढगळ सुती सदरे. पाण्याच्या बाटल्यांना जाड कापडाचे अंगरखे, ते भिजवले की पाणी गार राही. मानेवर ओला पंचा, खिशात मीठ-साखरेची पुडी. बायकोसाठी तर एवढ्या रुंद काठाची टोपी शिवली, की ती म्हणाली, "अहो, ही टोपी आहे की मांडव?"

प्रत्येक झाडाखाली थांबून सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. आणि पुन्हा उन्हात आलं की मास्तर खिशातून टेप काढून बायकोची सावली मोजत. सावली तिच्या उंचीपेक्षा आखूड भरली, की ऊन चढलं, मागे फिरायचं. इतक्या झाडांखाली थांबल्यावर ती माथ्याआधीच आखूड भरे.

"एकदा तरी वर न्या हो," बायको म्हणे.

"नेतो. पुढच्या वर्षी."

अशी बरीच पुढची वर्षं गेली. मग बायकोही गेली.

यंदा गुडघे पुरते संपावर जाण्याआधी मास्तर मुलीला म्हणाले, "तिला शब्द दिला होता. यंदा वर जायचंच." मुलीने आईची टोपी घातली.

माथा समोर दिसू लागला तेव्हा मास्तरांनी मुलीची सावली मोजली. मग पुन्हा मोजली.

"भरते बरोबर," ते म्हणाले.

मुलीने वाकून टेप पाहिली. "बाबा, चार बोटं कमी आहे."

"तेवढं शिलाईत धरायचं असतं."

"सावलीला शिलाई?"

एरवी मास्तर यावर काहीतरी बोलले असते. ते गप्प उभे राहिले, चेहरा लालबुंद. बोलका माणूस गप्प झाला की आधी त्याला बसवायचं, हाही त्यांचाच कायदा. मुलीने त्यांना कातळाच्या सावलीत बसवलं, गळ्याची बटणं सोडली, पंचा भिजवून मानेवर ठेवला, घोट घोट पाणी पाजलं.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "तिला काय तोंड दाखवू?"

मुलीने पंचा पुन्हा भिजवला. "आई वर गेली होती, बाबा. एका हिवाळ्यात, माझ्याबरोबर. तुम्ही कोटांत बुडाला होतात."

"आणि मला शेवटपर्यंत टोमणे?"

"म्हणाली, यांना सांगू नकोस. कळलं तर उन्हाळ्यात घरीच बसतील."

मास्तर माथ्याकडे बघत राहिले. "काय आहे वर?"

"एक मोठा दगड. झाड नाही. आई म्हणाली, यांना इथे थांबायला जागाच नाही."

मास्तर हसले. मग टेप नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि हात पुढे केला.

"उठव मला. ऊन चढलंय, मागे फिरायचं. आणि ती टोपी नीट घाल. काठ पुढे."