जिना चढण्याआधी एक फोन

दादा गेल्यापासून मी चिडलेली आहे. भेटायला येणारे पाठीवरून हात फिरवतात, ‘रडून घे वं, मोकळं वाटते,’ म्हणतात. मला रडू येत नाही, राग येतो. त्या सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि दादाच्या शेजारणीचा फोन आला. “ताई, लवकर या. भाऊ जिन्यात बसले तं उठूनच नाही राहिले.” जिन्यात! डॉक्टरांनी ज्याला जिन्याकडे बघूही नका म्हणून बजावलं होतं, तो माणूस जिन्यात काय करत होता? मनीषनगरचा पूल ओलांडेपर्यंत मी स्कूटीवर मोठमोठ्यानं हेच विचारत होते. पोचले तर सगळं आटोपलं होतं. त्याची मूठ वहिनीनं उघडली, तर आत पेनड्राइव्ह होता.

आमचे बाबा उमरेडला मागावर बसायचे. दादा कधी बसला नाही. मौद्याला नोकरी केली, मनीषनगरला घर बांधलं, पोराला शिकवलं. निवृत्त झाला आणि मग कुठे त्याला बाबांचे काठ आठवले. करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेले ते करवती काठ, आणि त्यांचे आता कुणी न विणणारे नाना प्रकार. हा उमरेडची एसटी धरायचा, म्हाताऱ्या बायांना पेटीतलं जुनं लुगडं मागायचा, लुगडं नसलं तर गोधडीला लावलेला तुकडाही चालायचा. घरी आणून काठ स्कॅन करायचा आणि पुढच्या फेरीत ज्याचं त्याला परत. आपली वस्तू परत आली नाही असं म्हणणारी एक बाई उमरेडात सापडायची नाही.

हे सगळं चालायचं वरच्या खोलीत. तिथे त्याचा जुनापुराणा कॉम्प्युटर आणि पाटाएवढा थोरला स्कॅनर. नव्या लॅपटॉपशी तो स्कॅनर बोलायला तयार नव्हता, त्याचं सूत फक्त जुन्याशी. आणि जुन्याला इंटरनेट लावायचं नाही, ही माझी ताकीद, कारण त्या वयाच्या मशीनला बाहेरची हवा सोसत नाही. म्हणजे काठ वर स्कॅन होणार, पण उमरेडला अजून माग चालवणाऱ्या रामेश्वरला ते पाठवायचे तर खालच्या लॅपटॉपवरून. मधे फाइल वरून खाली यायला हवी. तेवढ्यासाठी दोन्ही मशीन घरातल्या घरात जोडून देणं माझ्याकडे होतं. मी कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात जन्म काढलेली बाई.

पहिल्या दिवशी दोघं एकमेकांना ओळखच देईनात. दोघांना एका गटाचं नाव दिलं, तरी नाही. जुना ज्या पद्धतीनं फाइल देतो, ती पद्धत नव्यात मुळातच बंद असते, सेटिंगमध्ये खोल शिरून ती सुरू करावी लागते. तेही केलं. तरी लॅपटॉप अडून बसला, कारण जुन्याला पासवर्ड नव्हता आणि बिनपासवर्डाच्या दारात नवा पाय ठेवत नाही.

“घरातल्या घरात कुलूप कशाले वं बेबी? आपण का चोर आहो?”

“तू नाही गा दादा. हा लॅपटॉप भित्रा आहे.”

कुरकुरत त्यानं बाबांचं नाव पासवर्ड म्हणून टाकू दिलं आणि लॅपटॉपवर वरचं फोल्डर उघडलं. तेव्हा हा माणूस दोन दिवसांनी नळ आल्यासारखा ओरडला, “आलं! आलं खाली!” वहिनी खरंच बादली घेऊन धावली होती.

आता माझ्या रागाचं मूळ सांगते. त्या दिवशी मी निघाले तर वहिनी नारळ, खण आणि तांदूळ घेऊन उभी. माहेरवाशिणीला राबवायचं नाही, तिच्या हातून काम करून घेतलंच तर रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही, ही आमच्या आईची रीत. दादानं ती गाठ मारून ठेवलेली. राउटर बदलला, नारळ. वायर उंदरानं कुरतडली, नारळ. जुन्याचं घड्याळ मागे पडलं, तरी नारळ! माझ्या कपाटात खणांची चळत लागली. एकेका बिघाडाचा एकेक खण, रंग बघून मी बिघाड सांगू शकते. नवरा म्हणायचा, तुझ्या दादाचं नेटवर्क सुधारलं तर आपल्याकडची चटणी बंद होईल. मी हसायचे. आता हसू येत नाही. कारण त्या नारळानं माझ्या भावाला असं शिकवलं की बहिणीला बोलावणं म्हणजे तिच्यावर भार टाकणं. “सारखं सारखं तुले काहून बलावू वं? बहिणीची चाकरी घेऊ नये...” मी दर वेळी सांगायचे, “फोल्डर दिसलं नाही का फोन कर, त्यासाठी जिना चढू नको.” तो मान हलवायचा. मान हलवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

दादाला हृदयाचा झटका आला, दवाखाना झाला, मग विश्रांतीला पुण्याला मुलाकडे गेला. लॅपटॉप सोबत नेला. तिथे घरचा जुना कुठला भेटायला? ती जुनी पद्धत काही दिवस वापरली नाही की नवा लॅपटॉप ती गुपचूप बंद करून टाकतो. विचारत नाही, सांगत नाही. म्हातारं माणूस चार दिवस बोललं नाही की त्याला खोलीतून काढून टाकावं, तसलं हे वागणं. त्यातली सुरक्षितता मला कळते, नोकरीभर मी तीच लोकांना शिकवली. तरी राग येतोच. आणि आमचा भाचा, चांगला कमावता, बापाला परत सोडायला आला तेव्हा म्हणाला, “बाबा, ते डबडं फेकून द्या, सगळं क्लाउडवर टाका.” अरे बाबा, फेकायचं नंतर बघू, आधी डबडं आणि स्कॅनर उचलून खाली आणून दे! खाली हॉलमध्ये बरं दिसणार नाही म्हणे. दिवाणावर ढीगभर उशा बऱ्या दिसतात.

त्या सकाळी रामेश्वर मागावर ताणा लावून बसला होता, त्याला एक काठ हवा होता. दादानं लॅपटॉप उघडला, वरचं फोल्डर दिसेना. वहिनीला म्हणाला, “बेबीले फोन कराव का?” आणि मग स्वतःच म्हणाला, “जाऊ दे, कालच तं येऊन गेली.” वहिनी भाजी आणायला गेली. हा चढला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि उतरताना बसला. आदल्या दिवशी मी गेले होते ती नुसती तब्येत बघायला, चहा पिऊन आले होते. त्या येण्याचाही त्यानं हिशेब धरला. फोन उचलायचा, एवढंच. मोबाइल खिशात होता.

तेराव्यानंतर मी गेले आणि आधी लॅपटॉपपुढे बसले. सेटिंगमध्ये शिरून ती पद्धत सुरू केली, लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, बाबांचं नाव टाकलं. फोल्डर उघडलं. चहा निवायच्या आत झालेलं काम. सगळे काठ दोन वेगळ्या डिस्कवर उतरवले, रामेश्वरला त्याचा काठ पाठवला आणि उठले. वहिनीही सवयीनं उठली. देवघराकडे वळली, नारळाला हात घातला आणि थांबली. मोठ्या काकू दिवाणावर बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “राहू दे वं पोरी. आता तुह्या हातानं नाही चालत.”

ज्या नारळानं माझा जीव खाल्ला, तो वहिनीच्या हातातून सुटताना मी बघितला, आणि मला कधी आला नव्हता एवढा राग आला. ओढणी दोन्ही हातांनी पसरून मी तिच्यापुढे उभी राहिले. “भर वं वहिनी. काम केलं आहे मी. दादाच्या घरून रिकामी नाही जात.” काकू काहीतरी पुटपुटल्या. म्हटलं, “काकू, चालते का नाही ते ओटी घेणारीनं ठरवायचं.” अर्धे तांदूळ खाली सांडले... पण भरली वहिनीनं. मग आम्ही दोघींनी तांदूळ वेचले.

परवा तिचा फोन आला. आता तीच वर बसून उरलेले तुकडे स्कॅन करते. उमरेडच्या बायांचं त्यांना परत जायला हवं ना.

“ताई, ते वरचं खाली दिसून नाही राहिलं. वायरच निघाली असन, पण तुम्ही या. नारळ आणून ठेवला आहे.”

येते म्हटलं. फोन ठेवला आणि स्कूटीची किल्ली हातात घेऊन दारातच उभी राहिले. एवढाच तर फोन करायचा होता गा दादा.