काकांची गाडी, माझी भीड

गाडी मूळची काकूंची. काका म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत पंधरा वर्षं डॉक्टरकी करणारे, आणि आम्ही नवराबायको भारतातून आलो तेव्हा पहिला महिना ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो, ते. ऐंशीच्या दशकात आमच्यासाठी तेवढं नातं पुष्कळ होतं. काकूंनी नवी गाडी घेतली तेव्हा काका म्हणाले, "जुनी तू घेऊन जा. बाहेर घ्यायला गेलास तर कुठेतरी फसशील."

बायको म्हणाली, "एकदा मेकॅनिककडून चेक करून घेऊ या ना."

"काकांची गाडी मेकॅनिकला दाखवायची? काय वाटेल त्यांना?" असं म्हणून मी विषय मिटवला.

दुसऱ्याच आठवड्यात गाडी सुरू करताना मागे निळसर धूर दिसला. मी मेकॅनिकल इंजिनिअर. इंजिन ऑइल जाळतंय हे मला कोणी सांगायला नको होतं. ऑइल मोजायची डिपस्टिक काढून पाहिली, तर टोकाला जेमतेम ओल. आठवड्याला ऑइलचा एक डबा, कधी दीड, ती गाडी सहज पिऊन टाकायची.

काकांना सांगायची भीड वाटत होती. बायकोला सांगावं, तर तिचंच बरोबर होतं हे कबूल करावं लागणार, आणि ते माझ्या जिवावर आलं होतं. मग दर रविवारी ती उठायच्या आत खाली जाऊन मी गुपचूप डबा ओतून यायचो. काका भेटले की विचारायचे, "काय, गाडी कशी आहे?" मी म्हणायचो, "एकदम मस्त." आपण सगळ्यांची मनं सांभाळतोय, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

फेब्रुवारीत ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर न्यू जर्सीला जावं लागलं. रविवारी सकाळीच एक सहकारी मला न्यायला आला. नेमकी त्या दिवशी बायको लवकर उठली, पोळीभाजी बांधून दिली आणि निरोप द्यायला थेट पार्किंगमध्ये आली. तिच्यादेखत बॉनेट उघडणं मला जमलं नाही.

बुधवारी हॉटेलवर तिचा फोन आला. दीड वर्ष ती लॅबमधल्या नोकरीसाठी अर्ज करत होती. बॉस्टनहून पहिलाच इंटरव्ह्यू आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा. "मी ड्राइव्ह करून जाते. येईल मला," ती म्हणाली. ऑइलचं अगदी ओठांवर आलं होतं. चाळीस मैलच तर आहेत, निभेल, असा हिशोब मी मनात केला आणि म्हणालो, "ऑल द बेस्ट. सावकाश जा."

अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. उशीर नको म्हणून ती तशीच चालवत राहिली. मग खडखडाट झाला आणि इंजिन कायमचं बंद पडलं. साडीवर कोट घालून ती तासभर हायवेच्या कडेला बर्फात उभी होती.

संध्याकाळी तिने फोन केला. आवाज अगदी शांत होता. "मेकॅनिक म्हणाला, हे एका आठवड्यात होत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"काल फोनवर बोललो तेव्हाही?"

मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

तिला घरी आणायला काकाच गेले होते. मी परत आल्यावर ते म्हणाले, "अरे, तुझी काकू गावातल्या गावातच चालवायची. आम्हाला पत्ताच नव्हता. सांगायचंस ना, मी रिपेअर करून दिली असती." त्यांना जराही राग आला नव्हता. ज्यांची मी एवढी भीड धरली, त्यांना ती नकोच होती. ज्याची धरायची, त्या माणसाला मी बर्फात उभं केलं होतं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तिला नोकरी लागायला आणखी वर्ष गेलं. तिने मला माफ केलं, तसं बोलूनही दाखवलं, आणि आमचा संसार चांगला झाला.

आता आम्ही दोघंही रिटायर झालो आहोत. मी डॉक्टरकडून आलो की ती विचारते, "काय म्हणाले?" मी सगळं सांगतो, काहीही न लपवता. ती ऐकून घेते, मग हात पुढे करून रिपोर्ट मागते आणि चष्मा लावून स्वतः वाचते.