उजव्या कोपऱ्यातला ठिपका

आईचा फोन आला तेव्हा मी कात्रजच्या बसमध्ये होते. "मामा गेला," ती म्हणाली. "सकाळी, चहा ठेवतानाच." मी त्याच्याकडेच निघाले होते. त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि मी मनात वाक्यं जुळवत बसले होते. मला बोलायचं असलं की आधी असं जुळवावं लागतं… त्याच्या दाराशी चपलांची गर्दी दिसेपर्यंत ती वाक्यं डोक्यात तशीच चालू होती.

मामा, म्हणजे आईचा मोठा भाऊ, शहरातल्या एका थिएटरात प्रोजेक्टर ऑपरेटर होता. ते थिएटर आता पाडलंय. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर ठिपका उमटतो, त्या इशाऱ्यावर दुसरं मशीन चालू करायचं, हे त्याने मला लहानपणीच शिकवलं. टीव्हीवर जुना पिक्चर लागला की म्हणायचा, "हिरोकडे काय बघतेस? कोपऱ्यात बघ."

एक प्रेमकथा त्यांच्याकडे महिनोन्महिने चालली होती. सगळं पुणं तिच्यावर फिदा, मामीसुद्धा. नुकतंच लग्न झालेलं. दर गुरुवारी ती डबा घेऊन जायची आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, मामाच्या केबिनच्या झरोक्याखाली बसून मॅटिनी बघायची. पुढे आयुष्यभर घरात तो 'हिचा पिक्चर' होता. चार वर्षांपूर्वी मामी गेली, तरी तो तिचाच राहिला.

मग एकदा मामाने कबूल केलं की त्याने तो नीट पाहिलाच नव्हता. "चालवला शेकडो वेळा. पण एक रीळ चालू असताना आधीचं गुंडाळायचं, दिव्याकडे बघायचं… मशीनच्या आवाजात शब्द कुठले ऐकू येणार? मला फक्त रिळांची टोकं माहीत." म्हणून एका रविवारी मी त्याच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मला पिक्चर आवडला नाही. नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो, तिचे वडील ठरवतात, मग नायक ठरवतो. तिला कोणी काही विचारतच नाही, आणि शेवटी ती रडत रडत हसते. मी चोरून घड्याळ बघत होते. मामा ताठ बसला होता. ठिपका आला की त्याचा उजवा हात सोफ्यावरून आपोआप उचलला जायचा.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"छान आहे."

"इंग्रजी शाळेत घातलं तुला, धड खोटं बोलायलाही शिकवलं नाही त्यांनी." मग रिकाम्या पडद्याकडे बघत तो म्हणाला, "मलाही नाही आवडला. वाटलं होतं, सबंध बघितला की कळेल हिला त्यात एवढं काय दिसायचं… तिला कधी विचारलं नाही. आता काय."

मला माहीत होतं. मामीच्या शेवटच्या आजारपणात मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली होती, "पिक्चर कसला, रटाळ होता मेला. ठिपका आला की मी मागे वळायचे. तेवढ्यापुरते हे झरोक्याशी यायचे. घामाने निथळत असायचे, पण काय दिसायचे गं… ह्यांचं सगळं लक्ष कोपऱ्यात, मी कधी दिसलेच नाही. सांगू नकोस हं, शेफारतील." मी नाही सांगणार म्हटलं, आणि सांगितलं नाही.

त्या रविवारी ओठांवर आलं होतं. पण मामाचे डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांसमोर मला बोलता येत नाही. मी वायर गुंडाळली, "येते" म्हणाले. जिना उतरताना ठरवलं, पुढच्या रविवारी नक्की.

पुढच्या रविवारी मी बसमध्ये होते.

महिना होऊन गेला. परवा त्याच्या घरी आई आत कपाटं आवरत होती, तेव्हा मी एकटीनेच तो पिक्चर लावला. पहिला ठिपका आला आणि मी मामीसारखी मागे वळले. मागे भिंत होती. मामीच्या फोटोशेजारी आईने नवा खिळा ठोकला होता, अजून रिकामा. त्या खिळ्याकडे बघत मी जुळवलेली सगळी वाक्यं म्हणून टाकली.

"कोणाशी बोलतेस गं?" आतून आईने विचारलं.

मी परत पुढे वळले. पडद्यावर दुसरं रीळ सुरू झालं होतं.