गोधडीत बांधलेला एन्लार्जर

सकाळी साडेसहाला दिगंबरच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी विचारलं, "किती वाजता?" आयुष्यभर बातम्या लिहिल्याची सवय. ती म्हणाली, पावणेपाच. मी ती वेळ समोरच्या पेपरच्या कोपऱ्यावर लिहून ठेवली आणि चहा टाकला. याला सहा आठवडे झाले. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही...

दिगंबर खरात आमच्या दैनिकाचा छायाचित्रकार, मी उपसंपादक. दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागलो. दैनिकाकडे डार्करूम नव्हती. फिल्म तो घरच्या न्हाणीघरात धुवायचा, पण छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायला एन्लार्जर लागतो, आणि तो गुलमंडीजवळच्या एका स्टुडिओत होता. स्टुडिओवाला आधी आपली गिऱ्हाइकं उरकायचा. त्यामुळे आजच्या घटनेचा फोटो परवाच्या अंकात. शेवटी संपादकांनी सांगितलं, "महिनाभरात फोटो त्याच दिवशी मिळाले नाहीत, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." दिगंबरचं नुकतंच लग्न झालं होतं.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर वैजापुरात स्टुडिओ काढलेले एक गृहस्थ आता दुकान बंद करून सामान विकत होते. आम्ही एसटीने गेलो. एन्लार्जर म्हणजे लाकडी पाटावर उभा लोखंडी खांब आणि त्यावर दिव्याची काळी पेटी. म्हाताऱ्याने दिवा लावून दाखवला, भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं. दिगंबरने खिशात होतं ते सगळं दिलं. परतीचं तिकीट मी काढणार होतो. म्हाताऱ्याच्या बायकोने यंत्र जुन्या गोधडीत गुंडाळून सुतळीने बांधून दिलं.

शहराच्या हद्दीवर जकात नाका होता. कारकून गाडीत चढला आणि गाठोड्यापाशी थांबला. घरात वापरलेल्या सामानावर जकात नव्हती. धंद्याची वस्तू असेल तर होती, मग ती कितीही जुनी असो. "काय हाये ह्याच्यात?" दिगंबर काही बोलायच्या आत मी म्हणालो, "शिलाई मशीन. बहिणीचं आहे, जुनं." कारकुनाने गाठोडं चाचपलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि उतरला. स्टँड येईपर्यंत दिगंबर खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, सुटल्याचा आनंद असेल.

दुसऱ्याच दिवसापासून फोटो वेळेवर यायला लागले. नोकरी टिकली ती निवृत्तीपर्यंत.

शिलाई मशीनची ही गोष्ट मी पुढे किती वेळा सांगितली याची मोजदाद नाही. नव्या वार्ताहरांना सांगितली, दिगंबरच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनाही सांगितली. तो शेजारी असायचा. लोक हसले की म्हणायचा, "देशपांडेचं डोकं लई चालतं." बस, तेवढंच. त्याच्या शोकसभेतही मी तीच सांगितली. लोक बेताने हसले.

सभा संपल्यावर काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. "वळखलं का सायेब? नाक्यावर व्हतो मी, तवा." मी ओळखलं नव्हतं. ते म्हणाले, "गोधडीत शिलाई मशीन नाय, एवढं आमालाबी कळत व्हतं. पण पोरं दिसली गरीब, म्हणलं जाऊ द्या."

"मग जकात बुडालीच ना," मी म्हणालो.

"कशानं बुडती? पगाराच्या दिशी खरात आला की सायकलीवर. म्हणे, ते फोटो मोठा करायचं यंत्र हाये, धंद्याचं हाये, पावती फाडा. म्या म्हणलं, बाबा, गाडी कवाच गेली, आता कशाला उकरतो? ऐकंना. मंग बिल कुठंय? जुन्या वस्तूचं बिल कुठून आणायचं? नव्याच्या किमतीवर जकात लावतो म्हणलं, तर माझ्याशीच भांडला!" ते हसले. "वैजापूरला परत गेला आन् म्हाताऱ्याकडून किमतीची चिठ्ठी लिहून आणली. तवा भरली."

ते निघाले, पुन्हा वळले. "आन् मला म्हणला, त्या दिशी खोटं मीच बोललो, माफी करा. मला तर तुमचा चेहरा चांगला ध्यानात व्हता, सायेब. पण म्या बी काय बोललो नाय."

बातमी देण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारावं, हे मी नव्या मुलांना शिकवत आलो. या एका गोष्टीची दुसरी बाजू सगळी वर्षं माझ्या शेजारी बसून होती. मी विचारलं नाही...

मागच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "काका, भंगारवाला एन्लार्जर मागतोय. देऊ का?" मी म्हणालो, मी नेतो. न्हाणीघरातल्या फळीवर तो तसाच उभा होता. पेटी वरखाली करायची मूठ त्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. गोधडी केव्हाच विरली होती. मुलीने एक चादर दिली, आम्ही दोघांनी तो बांधला.

रिक्षा शहराच्या जुन्या हद्दीवरून आली. जकात बंद झाली, नाका उठून बरीच वर्षं झाली. तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून गाठोड्याकडे पाहिलं.

"क्या है चचा? सिलाई मशीन?"

"नाही," मी म्हणालो. "फोटो मोठा करायचं यंत्र आहे. जुनं आहे. दिगंबर खरातांचं."