लिफ्टचा कायदा आणि आमचे सर

आमच्या सरांनी आयुष्यात एकही खटला चालवला नाही आणि एकाही कारखान्यात पाऊल टाकलं नाही. तरी बॉयलर, लिफ्ट, विजेची जोडणी, कशावरही कायदा व्हायचा असला की आधी सरांना फोन यायचा. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं साहाय्यक होते. त्यांची पुस्तकं मी टाइप केली, तळटिपा मी लावल्या, आणि त्यांची मतं बदलली की जुन्या मतांच्या फायली कपाटाच्या मागच्या रांगेत मीच सरकवल्या. त्यामुळे माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

सर म्हणजे कोर्टातल्या एका कारकुनाचे चिरंजीव. हुशार होते, त्याबद्दल वाद नाही. लॉ कॉलेजात शिकवायला लागले आणि चाळिशी उलटेपर्यंत त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. मग त्यांनी एक लेख लिहिला, 'तपासणी म्हणजे अविश्वास'. म्हणणं एवढंच, की सरकार दारात तपासनीस पाठवतं म्हणजे प्रामाणिक मालकालाही चोर ठरवतं. त्यापेक्षा मालकानेच 'सगळं ठीक आहे' असं लिहून द्यावं आणि सरकारने विश्वास ठेवावा.

मालकांच्या संघटनेला हे आवडलं नसतं तरच नवल. त्यांनी लेखाच्या प्रती छापून वाटल्या. मंत्र्यांनी सभागृहात त्यातली दोन वाक्यं वाचली. विरोधकांनी उत्तर देताना तीच दोन वाक्यं वाचली, कारण त्यापुढचं कुणीच वाचलं नव्हतं. वर्षभरात सर 'ज्येष्ठ विचारवंत' झाले. चालताना हात मागे बांधायला लागले. साधं 'हो' म्हणायचं असलं तरी आधी डोळे मिटायचे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "ह्यांचा सगळ्या जगावर विश्वास आहे गं. दूधवाल्याचं माप तेवढं रोज स्वतः तपासतात."

पुढे लिफ्टच्या कायद्यासाठी समिती नेमली गेली आणि सर तिचे अध्यक्ष झाले. सुनावणीला मालक आले, वकील आले, लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे गुळगुळीत दाढीचे लोक आले. सर्वांत शेवटी सरकारी लिफ्ट निरीक्षक आले. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. नखांत ग्रीस मुरलेलं, एका कानाने कमी ऐकू यायचं. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. आत बोटाएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा पोलादी दोर होता. बाहेरून धड दिसत होता, पण त्यांनी तो वाकवला तशा आतल्या तुटक्या तारा काट्यांसारख्या उभ्या राहिल्या.

"हा चालू लिफ्टचा आहे साहेब. गेल्याच महिन्यात बदलायला लावला. मालक म्हणत होता, वर्षभर तरी काही होत नाही."

सरांनी दोराला हात लावला नाही. कागदावर रेघ मारत त्यांनी विचारलं, "तुमच्या तपासणीमुळे किती अपघात टळले, याची काही आकडेवारी आहे?"

"जी लिफ्ट पडलीच नाही, ती मोजायची कशी साहेब?"

"म्हणजे आकडेवारी नाही."

"एकदा माझ्याबरोबर चला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून बघा, मग ठरवा."

सर हसले. समितीही हसली. मीही हसले असेन, बहुतेक हसलेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुणी उंटावरून उतरायला सांगितलं, की बाजूचे लोक हसतातच. अहवालात निरीक्षकांचं सगळं म्हणणं मी तळटिपेत टाकलं, सरांनी सांगितलेल्या शब्दांत: 'विभागातर्फे काही भावनिक मुद्दे मांडण्यात आले.'

कायदा झाला. तपासणी बंद झाली. निरीक्षकांची बदली जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत झाली, आणि एकतीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेला तो माणूस खिडकीआड बसून दाखल्यांवर शिक्के मारायला लागला.

तिसऱ्या वर्षी एका खासगी दवाखान्याची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली आली. आत रुग्णांच्या जेवणाची गाडी ढकलणारी बाई होती. ती जागीच गेली. लिफ्टच्या दाराशेजारी, काचेच्या चौकटीत, मालकाच्या सहीचं प्रमाणपत्र लटकत होतं: लिफ्ट उत्तम स्थितीत आहे. कायद्याप्रमाणे सगळं अगदी चोख होतं.

चौकशी लागली आणि सरांना बोलावणं आलं. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला आपलीच पुस्तकं काढायला लावली.

"मी 'रद्द करा' असं कुठे म्हटलंय का, ते बघ."

"शब्द तसा नाही सर. 'कालबाह्य' म्हटलंय. 'अनावश्यक' म्हटलंय. 'पुनर्विचार व्हावा' असंही एका ठिकाणी आहे."

"'पुनर्विचार'वर खूण कर. बाकीचं राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीपुढे शांतपणे काखा वर केल्या. आपण केवळ एक चर्चा सुरू केली होती, सरकारने घाई केली, विद्वानाचं काम प्रश्न विचारण्याचं असतं, वगैरे. त्या बाईचा नवरा मागच्या बाकावर बसला होता. सर जाताना त्याच्यासमोर थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. ते दुःखाने, असं त्याला वाटलं असेल.

एवढ्यावर एखादा माणूस गप्प बसला असता. सरांनी आठ महिन्यांत नवीन पुस्तक काढलं, 'विश्वासाच्या मर्यादा'. विषय असा, की स्वयंप्रमाणपत्राची कल्पना मुळातच कशी धोकादायक आहे. ती पहिल्यांदा कुणी मांडली, याचा उल्लेख तीनशे पानांत कुठेच नव्हता. दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'जो अपघात घडलाच नाही, तो मोजता येत नाही, नियमनाची हीच शोकांतिका आहे.' परीक्षणं लिहिणाऱ्यांनी या वाक्याला डोक्यावर घेतलं. टाइप करताना मी खाली तळटीप घातली होती: लिफ्ट निरीक्षकांची समितीपुढील साक्ष. मुद्रितावर सरांनी ती काट मारून काढली.

"सर, हे त्यांचं म्हणणं आहे."

"म्हणणं त्याचं असेल. विचार माझा आहे. आणि संदर्भ म्हणून तो माणूस बसत नाही कुठे."

नवा कायदा करायला नवी समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको. आधी लोक तपासणीच्या विरोधात त्यांचं लिखाण वाचायचे, आता बाजूने त्यांचंच वाचायला लागले. दोन्ही वेळा लोक म्हणाले, सरांचा प्रभाव मोठा आहे. होताच. वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा कोंबडाही छपरावर सर्वांत उंच असतो, आणि खालून बघणाऱ्याला वाटतं, वारा तोच फिरवतोय.

तपासणी परत आली. नव्या पोरांना काम शिकवायला माहीतगार माणूस हवा होता, म्हणून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना बोलावलं गेलं. मी ते पुस्तक घेऊन त्यांना भेटायला गेले. एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत ते दोघा-तिघांना दोरावरून फडकं फिरवायला शिकवत होते. तार तुटलेली असली की फडकं अडकतं. माझ्या हातून पुस्तक घेऊन त्यांनी खूण केलेलं पान वाचलं.

"छान लिहिलंय. मी इतकं नीट बोललो नव्हतो."

"तुम्हाला राग नाही येत?"

त्यांनी कमी ऐकू येणारा कान माझ्याकडे केला होता की काय, कोण जाणे. पानं चाळत म्हणाले, "त्या बाईबद्दल काही आहे का यात?"

"'एक दुर्दैवी घटना' एवढंच आहे."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, हात फडक्याला पुसले आणि पोरांकडे वळले.

त्याच आठवड्यात मी सरांपुढे राजीनामा ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाले, "जा, काही हरकत नाही. दुसऱ्या आवृत्तीची सूची तेवढी करून जा."

ती सूची मी केली. नऊ दिवस बसून, अ पासून ज्ञ पर्यंत. 'लिफ्ट' या शब्दापुढे चौदा पानांचे क्रमांक आले, 'निरीक्षक' या शब्दापुढे एकही नाही, म्हणून तो शब्दच घेतला नाही. सरांना मी काय म्हणते ते तुम्ही ऐकलंत. माझ्यासारखीला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.