नाव कुठं घेतलं?

विभागाच्या आतल्या खोलीत शिरण्याआधी आमचे सर बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं करायचे आणि आम्ही निमूट त्यात फोन टाकायचो. सर स्वतःचाही टाकायचे. मग गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून कुलूप उघडायचे. मे महिन्यातही अंगात खादीचं जाकीट, डाव्या भुवईत लहानपणच्या चेंडूची खोक, आणि खाली झाडाखाली पेटी लावलेली पांढरी स्कूटर. धरमपेठेत कुणालाही विचारा, सरांचं घर दाखवतील. माणूस लोकप्रिय होता. मला तो कधीच माफ करता आला नाही.

मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. सिंधमधून येऊन आपल्या शहरात वर्षानुवर्षं व्हिसावर राहणारी, नागरिकत्वाची वाट बघणारी कुटुंबं हा माझा विषय. त्यांची माहिती सरकारी दफ्तरात, आणि ती मिळवणं म्हणजे दिव्य. कशाला हवी, कोण बघणार, कुठं ठेवणार, काम झाल्यावर कशी नष्ट करणार, सगळं लिहून दिलं तरी अर्ज परत यायचा. शेवटी सर स्वतः गेले, साहेबांशी गोड बोलले, आणि नावं, पासपोर्ट नंबर खोडलेली माहिती हातात पडली. आम्ही दोघांनी हमीपत्रावर सही केली. एकूण आकडे छापायचे, कुणा एकाची हकिगत बाहेर सांगायची नाही, अशी त्यात स्पष्ट अट होती.

"लोकाचं लेकरू आहे वं हे, आपल्या भरोशावर ठेवलेलं," सर मला म्हणाले. "खरचटलं तरी जबाब द्यावा लागते." एकदा टेबलावर माझा कच्चा कागद राहिला, तर त्यांनी सगळ्यांसमोर मला फाडून खाल्लं. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. ही शुद्ध भोळसटगिरी होती.

कारण सरांना कुलपाचा सोस होता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. किस्सा सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. माझं प्रकरण वाचून ते वैतागायचे. "आकड्याले कोणी रडत नाही वं. एक माणूस उभा कर." त्या माहितीत प्रत्येक अर्जापुढं अधिकाऱ्यांचे शेरे होते. सर ते शेरे वाचत तासन्‌तास बसायचे. मला वाटायचं, अभ्यास चाललाय.

रामदासपेठेतल्या एका सभागृहात त्यांचं व्याख्यान झालं. समोर इतवारीतले व्यापारी, प्राध्यापक, आणि खास बोलावलेली त्या वस्तीतली प्रतिष्ठित मंडळी. शेवटाकडे सरांनी आवाज खाली आणला. सिंधमधल्या सुक्कुरची एक विधवा, शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी. वस्तीत सगळ्यांची कागदपत्रं करून देणारा एक मध्यस्थ लोकांचे पासपोर्ट दाबून ठेवतो, हे दफ्तरात जाऊन सांगण्याची हिंमत फक्त तिनं केली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो शेजाऱ्याच्या कानाला लागला होता.

बाहेर मी सरांना गाठलं. "सर, हे सांगायचं नव्हतं."

"नाव घेतलं का मी?" त्यांनी खांदे उडवले. "नाही ना? मंग?"

थोड्याच दिवसांत ती बाई विभागात आली. सरांनी सवयीनं आधी डबा पुढं केला. तिनं गोंधळून आपला फोन त्यात टाकला. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"साहब, मैंने वो बात सिर्फ दफ्तर में बताई थी," ती म्हणाली. व्हिसाची मुदत वाढवायला इथला एक नागरिक जामीन लागतो. तिचा जामीन त्या मध्यस्थाच्या मर्जीतला. त्यानं सही द्यायला नकार दिला होता. शिलाईचं कामही बंद झालं होतं.

"बहनजी, मैंने आपका नाम लिया क्या?"

"लेने की ज़रूरत ही कहाँ थी? सुक्कुर की, विधवा, स्कूल की यूनिफॉर्म सिलनेवाली, हमारी गली में दूसरी कौन है?"

सरांनी तिच्यासाठी चहा मागवला. तिनं घेतला नाही. डब्यातून फोन उचलून ती गेली.

"काहून वं, तोंड पाडून काहून बसून राहिली?" सर मला म्हणाले. "आपला कागद पक्का आहे. नाव कुठंच नाही."

मी म्हटलं, दफ्तराला कळवू. बात आपल्याकडून फुटली हे कबूल करू, म्हणजे निदान तिच्या अर्जाकडे ते वेगळ्या नजरेनं बघतील. सर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अन् मंग आपल्याले पुन्हा माहिती भेटन का?" मी एकटीनं कळवलं. दफ्तरातून विचारणा आली तेव्हा सरांनी उत्तर दिलं की विद्यार्थिनीचा काही गैरसमज झाला आहे. त्याच आठवड्यात माझं त्या खोलीत जाणं बंद झालं. मी दुसऱ्या गावी, दुसऱ्या विषयावर पीएचडी केली. तिच्यासाठी जामीन शोधत मी पुन्हा त्या गल्लीत गेले, तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मशीन विकून गेली, कुठं ते माहीत नाही. परवानगीशिवाय शहर सोडणं हा तिच्यासाठी गुन्हा होता. कायद्यावर भरवसा ठेवून तक्रार करणारी बाई आमच्यामुळं कायद्याबाहेर गेली.

सर गेल्या हिवाळ्यात वारले. शोकसभेत हार घातलेल्या फोटोशेजारी तो डबा ठेवला होता. गोपनीयतेचा पहारेकरी, असं वक्ते म्हणत होते आणि लोक डोळे पुसत होते. मी डब्याकडे बघत बसले.

नंतर स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी वरचं सगळं लिहून पाठवलं. संपादक सरांचेच विद्यार्थी. त्यांचा फोन आला.

"मॅडम, हे कसं छापायचं? सरांचं नाव नाही, मान्य. पण डबा, जाकीट, ती स्कूटर... अख्ख्या नागपूरला कळेल ना कोण ते! थोडे तपशील तरी बदला."

"बदललेत की," मी म्हटलं. "त्या बाईचं गाव सुक्कुर नव्हतं. ती गणवेशही शिवत नव्हती. तिचं सगळं बदललंय."

"आणि सरांचं?"

"सरांचं आहे तसंच ठेवलंय. नाव कुठं घेतलं मी?"